एका फुटाला एक इंच

कागदाची विमानं करते असं सांगितलं की माणसं पहिलं विचारतात, "उडतात का?" नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो आणि पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, "मग उपयोग काय?" सांगलीत आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर एक काका राहतात. त्यांनी दिवाणखान्यात काचेच्या पेटीत प्लास्टिकचा ताजमहाल ठेवलाय. त्यात राहायला कोण जातं हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. एक दिवस विचारणार आहे.

मी कुपवाडच्या एका कारखान्यात ड्रॉइंग काढते. पत्र्याची कामं असतात, साखर कारखान्यांना लागणारी मोठी नरसाळी, धुराडी, हवेचे नळ. गोल, तिरकी, निमुळती वस्तू सपाट पत्र्यावर कशी कापायची, म्हणजे वाकवून जोडल्यावर नेमकी तीच वस्तू उभी राहील, एवढं काढून देणं हे माझं काम. कागदाचं विमान म्हणजे तेच काम, पत्र्याच्या जागी कागद. नळकांडं असेल तर ते एका तुकड्यात उलगडतं. विमानाचं नाक गोल असतं, ते तसं उलगडत नाही. मग त्याच्या पाकळ्या कराव्या लागतात, शिंपी ब्लाऊजला टक्स घालतो तशा. कागद वाकतो, पण ताणून वाढत नाही. चुकलात तर कागद लगेच सांगतो, फट पडते किंवा चोळामोळा होतो. त्याचा हा सरळपणा मला आवडतो.

उलट आमच्याकडचे फ्लेक्स बघा. बोर्ड आडवा असेल तर माणसाचा फोटो बोर्ड भरेपर्यंत आडवा ओढायचा, उभा असेल तर उभा. चौकाचौकांत ही ओढलेली माणसं हात जोडून उभी असतात. कुणाचा चेहरा भोपळ्याएवढा रुंद, कुणाचा दुधीसारखा लांब, आणि स्वतः तो माणूस त्या बोर्डाखाली उभा राहून फोटो काढून घेतो. आपण असे दिसत नाही हे कुणालाच खटकत नाही. मला खटकतं. घरचे म्हणतात की मला सगळंच खटकतं. पण मी सांगतेय त्या गोष्टीत तरी माझं काही चुकलं नाही.

माझा धाकटा भाऊ वीस वर्षं हवाई दलात होता. विमान उडवायला नाही, उडण्याजोगं ठेवायला. तो ज्या विमानावर काम करायचा ते मालवाहू होतं. पोट मोठं, अंग आखूड, पंख अंगापेक्षा लांब आणि दोन मोठी इंजिनं पंखांच्याही वर बसवलेली. त्या इंजिनांपर्यंत हात पोहोचवायचा तर शिडीवर चढावं लागतं. माझ्या भावाची वीस वर्षं त्या शिडीवर गेली. उन्हात, थंडीत, हातात पाना घेऊन.

आमचं गाव साताऱ्याच्या पूर्वेला. घरटी एक फौजी, पण सगळे पायदळातले. हवाई दलात गेलेला हा पहिलाच, त्यामुळे हवाई दल म्हणजे पायलट हे गावानं त्याच्या भरतीच्या दिवशीच ठरवून टाकलं. त्यानं पहिल्या सुट्टीत सगळ्यांना नीट समजावून सांगितलं की मी उडवत नाही, दुरुस्त करतो. तेव्हा आमचा चुलत भाऊ आईला बाजूला घेऊन म्हणाला होता, "काकी, फौजी मानूस खरं सांगत नसतोय. गुपित असतंय त्यांचं." झालं. त्यानंतर माझा भाऊ जितक्यांदा नाही म्हणाला तितकी आईची खात्री वाढत गेली. त्यानं विमानाशेजारी उभं राहून काढलेला फोटो पाठवला, तर चुलत भाऊ तो मोबाईल नाचवत आला, "बगा, आपल्या इमानापाशी उभा हाय." मी सांगायला गेले, तर मला कसं माहीत असणार, मी तर सांगलीत असते.

आई कुणापाशी बढाई मारायची नाही. कुणी पायलटची आई म्हटलं की फक्त मान हलवायची आणि दुसरा विषय काढायची. तिनं मंगळवारचा उपास धरला होता. कशासाठी विचारलं तर गुडघ्यांसाठी म्हणायची.

निवृत्तीच्या आधी सहा महिने भावाचा फोन आला. गावानं त्याची मिरवणूक काढायचं ठरवलं होतं. ट्रॅक्टर, ट्रॉली, डीजे, जेसीबीतून फुलं, आमच्याकडे निवृत्त होऊन येणाऱ्या जवानाचं होतं तसं सगळं. तो म्हणाला, "आक्का, मिरवनूक काय टळायची न्हाई. पर आईला एकदा दाव मी काय करत हुतो. सांगून पटंना. डोळ्यानं बगू दे." वीस वर्षांत त्यानं माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. आपल्या स्वतःच्या आईला आपलं काम कळावं, याच्यासाठी माणसाला बहिणीला फोन करावा लागतो, याचा मला त्या दिवशी इतका राग आला की फोन ठेवल्यावर मी भांडी आपटत घासली.

दिवाळीला मी छोटं विमान करून नेलं. एका फुटाला पाव इंच असं प्रमाण, म्हणजे पंख दोन फुटांचे. मला ते सुबक वाटत होतं. पंखाखाली शिडी, शिडीवर इवलासा भाऊ. आईनं डोळे बारीक करून बघितलं आणि विचारलं, "ह्यो मुंगळा कोन?" म्हटलं, तुझा मुलगा. ती नाराजच झाली. आपल्या मुलाला मुंगळ्याएवढा केला म्हणून दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होती.

तिचं बरोबर होतं. ज्याला चेहरा नाही तो आपला मुलगा कसा वाटेल? म्हणून मी प्रमाण बदललं. एका फुटाला एक इंच. या प्रमाणात भाऊ साडेपाच इंचांचा होणार होता, त्याला नाक, मिशी, बुटाच्या नाड्या सगळं काढता येणार होतं. शिवाय फूट आणि इंच आईला चांगले कळतात. घर बांधलं तेव्हा ती गवंड्याच्या डोक्यावर टेप घेऊन उभी असायची. मी तिला सांगितलं, "यातला एक इंच म्हणजे तिथला एक फूट." ती म्हणाली, "मग असं आदीच करायचं."

पंख आठ फुटांचे झाले, लांबी साडेसहा. आमच्या गावची कमान दहा फुटांची आहे, म्हणजे मिरवणुकीत विमान ट्रॉलीवरून कमानीखालून जाताना दोन्हीकडे एकेक फूट मोकळा राहत होता. ते मी आधी जाऊन मोजून आले होते.

चौपट मोठं करायचं म्हणजे झेरॉक्सवाल्याकडे जाऊन चारशे टक्के म्हणायचं, असं ज्यांना वाटतं त्यांना मी लांबून हात जोडते. लांबी चौपट केली की कागद सोळापट लागतो. जाडीही त्याच हिशेबात वाढवली तर वजन चौसष्टपट. आणि कागदाचा दम काही त्या हिशेबात वाढत नाही. माझे पहिले पंख सकाळी उभे केले आणि दुपारपर्यंत ओल्या पापडासारखे लोंबले. ते फेकून दिले. मग फ्रिजच्या खोक्याचे पुठ्ठे एकावर एक चिकटवून पंखांच्या आत या टोकापासून त्या टोकापर्यंत एक कणा घातला, अंगाच्या आत पुठ्ठ्याच्या गोल चकत्या उभ्या केल्या आणि वरून जाड कागदाची कातडी चढवली. चार महिने आमच्या घरात जेवायला बसायला जागा नव्हती. नवरा गॅलरीत उभा राहून चहा प्यायचा.

भाऊ मात्र मी सगळ्यात शेवटी केला. अंगात कामाची निळसर डांगरी, हातात पाना, एक पाय वरच्या पायरीवर. त्यानं फोनवर सांगितलं होतं की बूट काळे नाहीत, तेल आणि मातीनं त्यांचा रंगच निराळा होतो. तो रंग मला तीन वेळा मिसळावा लागला. त्याचे पाय शिडीला असे घट्ट चिकटवले की शिडी मोडली असती पण पाय सुटले नसते.

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी टेम्पोत घालून, तासगाव, विटा करत विमान गावात नेलं. वाटेतला प्रत्येक गतिरोधक माझ्या छातीवरून गेला. मंडळाची मंडळी ट्रॉली धुऊन वाट बघत होती. आमचा चुलत भाऊ मंडळाचा अध्यक्ष. त्यानं विमान सगळ्या बाजूंनी बघितलं आणि गालाला हात लावून उभा राहिला.

"आक्का, पंख लांब आन अंग आखूड. असलं कुटं इमान असतंय?"

"हेच आहे असलं."

"ट्रॉली धा फुटी हाय. ह्ये साडेसा. मागं रिकामं दिसंल."

आमच्याकडे मिरवणुकीच्या ट्रॉलीवर रिकामी जागा दिसणं म्हणजे त्या माणसाचा अपमान. जागा भरलीच पाहिजे, मग झेंडूनं भरा, केळीच्या खुंटांनी भरा. मी म्हटलं, मागे फुलं लावा. त्यानं मान हलवली, पण त्याचं लक्ष शिडीकडे गेलं होतं.

"आन ह्येच्या हातात पाना कशापायी? ग्यारेजवाला दिसतोय."

"तो तेच काम करतो. विमानाचं."

"आसंल. पर ते गावाला सांगायचं असतंय व्हय?"

"मग गावाला काय सांगायचं असतं?" मी विचारलं. माझा आवाज चढला असावा, कारण ट्रॉली पुसणारे सगळे थांबले. तो म्हणाला, "बरं बरं, ऱ्हाऊ दे." मी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि भावाला आणायला साताऱ्याला गेले. त्याची गाडी सकाळी साताऱ्याला यायची होती, म्हणून मावशीकडे मुक्काम केला.

सकाळी भावाला घेऊन आम्ही कमानीपाशी पोहोचलो तेव्हा ट्रॉली सजून उभी होती आणि तिच्यावर दहा फुटांचं एक विमान होतं.

त्यांनी ते कापलं होतं. पंखांच्या मागे करवतीनं आरपार कापून, दोन तुकडे लांब सरकवून, मध्ये साडेतीन फुटांचं पिंप घातलं होतं. गणपतीची आरास करतात तशी कामट्यांची कडी केली आणि त्यांच्यावर फ्लेक्स गुंडाळला. फ्लेक्सवर माझ्या भावाचा आडवा ओढलेला चेहरा, त्याखाली हार्दिक स्वागत, त्याखाली शुभेच्छुक म्हणून मंडळाच्या सगळ्यांचे फोटो, अध्यक्षाचा सर्वांत मोठा. पंखांखाली पाण्याच्या पाइपाचे तुकडे बांधून त्यांची टोकं लाल रंगवली होती, ती क्षेपणास्त्रं. पोटात धान्य आणि औषधं भरून डोंगरात नेणारं ते विमान. त्याच्या बगलेत क्षेपणास्त्रं.

आणि पुढच्या काचेत माझा भाऊ बसला होता. कमरेपर्यंतच. काचेमागे पुठ्ठ्याची चकती होती, पायांसकट तो आत मावेना, म्हणून त्यांनी त्याला कमरेपाशी कापला होता. पाना हातातून निघाला नसावा, तो खिडकीतून बाहेर आला होता. पंखाखाली शिडी तशीच होती. पाय शिडीपासून सुटले नव्हते, म्हणून तेही तिथंच होते. शिडीवर नुसते दोन पाय उभे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चुलत भाऊ हसत पुढे आला. "कसं वाटतंय, आक्का? काल सांजच्यापास्नं सगळी राबल्यात. एक जन जेवाय गेला न्हाई." आणि ते खरं होतं, हेच मला सहन होईना. त्यानं ते खोडसाळपणानं केलं असतं तर मी त्याला चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. त्यानं ते प्रेमानं केलं होतं. माझ्या भावाचं काम त्याच्या लेखी इतकं हलकं होतं, की प्रेमानं ते झाकायला हवं असं त्याला वाटलं. मी म्हटलं, "तू माझ्या भावाचे पाय कापलेस." तो म्हणाला, "आगं कागदाचं तर हायेत."

तोवर भावाच्या गळ्यात नाकापर्यंत हार चढले होते. तो विमानाशी आला आणि सवयीनं त्याच्याभोवती एक फेरी मारली, पंखाखालून वाकून, अंगावरून हात फिरवत. पिंपावरच्या स्वतःच्या चेहऱ्यापाशी हात क्षणभर थांबला आणि पुढे गेला. शिडीपाशी येऊन तो वाकला. त्या पायांकडे बघत राहिला, मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आक्का, बूट झ्याक जमल्यात." मला तिथं हुंदका आला आणि त्याचाही मला राग आला.

आई ओवाळायचं ताट घेऊन आली. माइकवर चुलत भावाचं सुरू होतं, "आपल्या गावचे सुपुत्र, आपले पायलट." आई भावासमोर येऊन थांबली, पण तिची नजर त्याच्या खांद्यावरून शिडीकडे गेली. ताट हातात तसंच धरून ती शिडीपाशी गेली.

"ह्ये पाय कुनाचं?"

चुलत भावानं माइक खाली घेतला. "काकी, ते काडायचं ऱ्हायलं. तुमी वर बगा. वर बसलाय आपला वाघ."

"मी पायाचं इचारतीय."

माझा भाऊ म्हणाला, "माजं हायेत, आई. मी हितंच असायचो. ह्या शिडीवर."

"आन वर?"

"वर दुसरी मानसं जायची. मी खालनं हात करायचो."

आईनं ताट ट्रॉलीच्या फळीवर ठेवलं. मग शिडीच्या बुडाशी अंगठा टेकवला आणि वीत पसरून वरपर्यंत नेली. पायांपर्यंत एक वीत आणि वर दोन बोटं भरली. ती माझ्याकडे वळली. "एक इंच म्हंजे एक फूट म्हनलीस न्हवं तू?"

"हो."

"म्हंजे पडला असता तर माळ्यावरनं पडल्यावानी."

"हो, जवळजवळ."

डीजेवाल्यानं काय झालं म्हणून आवाज बंद केला.  मग आई जे बोलली ते तिनं हळूच बोलायचं ठरवलं असावं, पण सगळ्या कमानीला ऐकू गेलं.

"वीस वर्सं मी द्येव पान्यात घालून बसली. टीवीत कुटं इमान पडलं म्हनलं की माज्या घशाखाली घास उतरायचा न्हाई. मंगळवार धरला. रातीला आभाळात दिवा सरकताना दिसला की मी उटून बसायची. आन ह्यो वीतभर शिडीवर हुता." ती भावाकडे वळली. "सांगाय काय झालतं रं तुला?"

"सांगत हुतो, आई. तू म्हनायचीस, गुपित हाय."

आईनं चुलत भावाकडे बघितलं. तो माइकची वायर गुंडाळत होता. मला त्याच्यासाठी बरीच वाक्यं सुचली होती, आदल्या रात्रीपासून नव्हे तर वीस वर्षांपासून साठलेली, पण आईनं मला बोलूच दिलं नाही.

"ते वरचं काड खाली. त्येच्या पायावर ठेव."

"काकी, मिरवनूक खोळंबलीया. जेसीबी फुलं भरून हुबा हाय."

"ऱ्हाऊ दे हुबा."

काचेतून ते अर्धं अंग मीच काढलं. त्यांनी कापताना कंबर वाकडी कापली होती, त्यामुळे पायांवर ठेवल्यावर तो जरा एका बाजूला कलला. पिशवीतला गम काढून मी कड भरली. पान्याचं टोक दुमडलं होतं, ते सरळ केलं. गम वाळायला वेळ लागणार होता आणि ट्रॉली हलली की तो पडणार हे उघड होतं. मी हात पुढे केला, तर आईनं मला बाजूला सारलं आणि दोन बोटांनी त्याला पाठीमागून धरलं.

मिरवणूक निघाली. पिंप तसंच होतं, क्षेपणास्त्रं तशीच होती, मंडळाचे चेहरे तसेच हसत होते. ते काढायला आता वेळ नव्हता आणि त्या पिंपाचा माझा राग अजून गेलेला नाही, जाणारही नाही. ओवाळायचं राहून गेलं. पंख कमानीखालून दोन्हीकडे एकेक फूट सोडून बरोबर गेले. वरून जेसीबीनं फुलं ओतली. ट्रॉलीच्या कडेनं आई हात वर धरून चालत होती, गुडघे दुखत असूनही पाऊल न चुकवता.

देवळापाशी आल्यावर हारांतून वाकून माझा भाऊ म्हणाला, "आई, वाळला आसंल गम. सोड आता."

"पडंल," आई म्हणाली, आणि तिनं हात काढला नाही.